गॅस गीझर ‘टक टक’ करतोय, पण पेटत नाही? काय तपासायचं आणि कशाला हातच लावायचा नाही

डिसेंबरची सकाळ. साडेसहा वाजलेत. साताऱ्यात बाहेर एवढं धुकं की अजिंक्यतारा दिसत नाही. बाथरूममध्ये कुणीतरी गरम पाण्याचा नळ सोडलाय. गीझरमधून टक टक टक टक आवाज येतो आणि थांबतो. पाणी मात्र थंडगार. नळ बंद, नळ सुरू, पुन्हा टक टक. मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अगं, दोन-चारदा सोड-बंद कर, पेटतो तो!”

सातारा-सांगलीकडच्या हजारो घरांत हिवाळ्यात हा सीन घडतो. बऱ्याचदा कारण अगदी किरकोळ असतं, दोन सेल बदलले की काम होतं. पण कधीकधी न पेटणारा गीझर बिघडलेला नसतो. आत काहीतरी धोकादायक आहे म्हणून तो मुद्दाम पेटायला नकार देत असतो. आपण मात्र त्याला जबरदस्तीने पेटवायला बघतो.

किरकोळ बिघाड कुठला आणि धोक्याचा कुठला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? तेच या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- गॅसचा वास येत असेल तर गीझर तपासायचा नाही. आधी रेग्युलेटर बंद करायचा.
- अजिबात आवाज नसेल तर सेल आणि पाण्याचा दाब बघा.
- टक टक आहे पण ज्योत नाही, तर गॅसचा पुरवठा आणि सेल बघा.
- धप्प आवाज करून पेटत असेल किंवा ज्योत पिवळी असेल तर वापर लगेच थांबवा.
- तीन प्रयत्नांत पेटला नाही तर चौथा करू नका.
- गीझरचं झाकण उघडणं हे मेकॅनिकचं काम आहे, आपलं नाही.

सगळ्यात आधी: वास येतोय का?

गीझरजवळ जाण्याआधी नाकाने तपासा. एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो वर जात नाही, फरशीलगत साचतो. म्हणून वास घेताना खाली वाकून, मोरीच्या जाळीजवळही घ्या.

वास आला तर क्रम असा ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यातलं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्ही वेळा बटणात ठिणगी पडू शकते. सगळ्यांनी बाहेर पडा आणि मग बाहेरून १९०६ ला फोन करा. हा एलपीजी गळतीसाठीचा देशभरातला आपत्कालीन नंबर आहे, चोवीस तास चालू असतो.

वास नसेल तरच पुढचं वाचा.

नळ सोडल्यावर गीझरच्या आत नेमकं काय होतं?

हे दोन मिनिटांत समजून घेतलं की अर्धे बिघाड स्वतःलाच ओळखता येतात.

विजेच्या गीझरमध्ये पाणी टाकीत साठवून तापवतात. गॅस गीझरमध्ये साठवण नसते. पाणी तांब्याच्या नळीतून वाहतं आणि खाली बर्नर पेटलेला असतो. म्हणजे नळ सोडला की पेटायचं आणि नळ बंद केला की विझायचं, हे सगळं त्याचं त्यालाच करावं लागतं.

ते असं होतं. पाणी आत शिरलं की त्याच्या दाबाने एक रबरी पडदा हलतो. मेकॅनिक याला डायफ्राम म्हणतात. पडदा एक पिन ढकलतो आणि पिन एक छोटा स्विच दाबते. स्विच दाबला गेला की सेलवर चालणारं सर्किट जागं होतं. ते बर्नरजवळच्या कांडीतून ठिणग्या पाडायला लागतं, तोच तो टक टक आवाज. त्याच वेळी ते गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं. गॅस आला, ठिणगी पडली की ज्योत लागते.

सर्वात महत्त्वाची पायरी याच्यानंतरची. बर्नरजवळ आणखी एक कांडी असते, तिचं काम ज्योत आहे की नाही एवढंच ओळखायचं. काही सेकंदांत तिला ज्योत दिसली नाही तर सर्किट गॅस बंद करतं. आपल्याला वाटतं गीझर बिघडला. खरं तर त्याने न जळलेला गॅस बाथरूममध्ये सुटू दिलेला नसतो.

म्हणजे साखळी अशी: पाणी, पडदा, स्विच, सेल, ठिणगी, गॅस, ज्योत, ज्योतीची खात्री. यातली एक कडी तुटली की पाणी थंड. कुठली कडी तुटलीय हे बऱ्याचदा आवाजावरूनच कळतं.

प्रकार १: नळ सोडला, पण टक टकसुद्धा नाही

आवाजच नाही याचा अर्थ सर्किट जागंच झालेलं नाही. कारणं दोन, सेल संपलेत किंवा पाण्याचा दाब पुरत नाही.

सेलपासून सुरुवात करा. बहुतेक गीझरना टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात, खालच्या बाजूला त्यांचा कप्पा असतो. प्रत्येकी दीड व्होल्ट, दोन मिळून तीन. बदलताना दोन्ही एकदम बदला, एक जुना आणि एक नवा असं करू नका. रिचार्जेबल सेल टाकू नका, ते साधारण सव्वा व्होल्टच देतात आणि तेवढ्यावर अनेक गीझर चालत नाहीत. बाथरूमच्या ओलाव्याने कप्प्यातल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर गंज किंवा हिरवट पापुद्रा आला असेल तर तो कोरड्या फडक्याने पुसून काढा. प्लस-मायनस नीट बघा. हसू नका, दुकानदारही या चुकीचे किस्से सांगतात.

सेल नवे आहेत तरी आवाज नाही, तर पाणी बघा. गीझरकडचा नळ पूर्ण सोडा. धार बारीक आहे? मग पडदा हलण्याइतका जोर पाण्यात नाही. आधी शॉवर काढून नुसत्या नळीने पाणी सोडून बघा. शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली असतात आणि दोष गीझरला लागतो. दुसरी जागा म्हणजे गीझरमध्ये थंड पाणी जिथून शिरतं तिथली जाळी. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून प्लंबरकडून ती जाळी साफ करून घ्या. टाकीतला गाळ तिथेच अडकतो.

हे दोन्ही ठीक असेल तर पडदा फाटलाय किंवा स्विच गेलाय. इथून पुढे मेकॅनिक.

प्रकार २: टक टक होतंय, पण पेटत नाही

म्हणजे पाणी ठीक, स्विच ठीक, ठिणगीही पडतेय. गॅस पोचत नाहीये किंवा ठिणगी अशक्त आहे.

सोपी परीक्षा: त्याच सिलिंडरवर शेगडी असेल तर ती पेटवा. ज्योत मंद असेल तर सिलिंडर संपत आलाय. ‘शेगडी तर चालतेय’ एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण १२ किलोवॉट इतकी उष्णता लागते. शेगडीच्या घरगुती बर्नरला दीड-दोन किलोवॉट पुरतात. म्हणजे गीझर एकटा सहा ते आठ बर्नरइतका गॅस ओढतो. संपत आलेल्या सिलिंडरवर चहा होतो, आंघोळ होत नाही, ते यामुळे.

नंतर हे बघा:

- रेग्युलेटर पूर्ण ‘ऑन’वर आहे का? गीझरच्या अलीकडचा गॅसचा कॉक उघडा आहे का? आदल्या दिवशी गावाला जाताना कुणीतरी बंद केलेला असतो.
- रबरी नळी कुठे दुमडलीय, कपाटाखाली दबलीय का? नळीवरची मुदत संपलीय का? संपली असेल तर ती तशीही बदलायचीच आहे.
- सिलिंडर आत्ताच बदललाय का? मग नळीत हवा शिरलेली असते. एक-दोन प्रयत्न फुकट जाणं साहजिक आहे.
- सेल. हो, पुन्हा सेल. ठिणगीला थोडी वीज पुरते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला जास्त लागते. त्यामुळे अर्धवट संपलेल्या सेलवर टक टक होतं आणि गॅस सुटतच नाही.

प्रत्येक प्रयत्नानंतर नळ बंद करा आणि मिनिटभर थांबा. तीन प्रयत्न झाले की गॅसचा कॉक बंद, खिडकी-दार उघडं आणि मेकॅनिकला फोन. पंधरा-वीस वेळा सोड-बंद केलं तर दरवेळी थोडाथोडा न जळलेला गॅस आत जमू शकतो, आणि एकविसाव्या वेळी ठिणगी पडते तेव्हा तो सगळा एकदम पेट घेतो.

प्रकार ३: पेटतो आणि लगेच विझतो

ज्योत लागली, पण ज्योत ओळखणाऱ्या कांडीला ती ‘दिसली’ नाही, हे सगळ्यात नेहमीचं कारण. त्या कांडीवर काजळी किंवा बुरशीसारखा थर बसतो. साफ करायला पाच मिनिटं लागतात, पण ती मेकॅनिकची पाच मिनिटं आहेत, कारण त्यासाठी झाकण काढावं लागतं.

बाकीची कारणं घरातच सापडतात. पाणी फार गरम लागतं म्हणून आपण गरम नळ बारीक करतो आणि थंड नळ सोडतो. गीझरमधून जाणारं पाणी कमी झालं की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते. उपाय उलटा आहे: गरम नळ पूर्ण ठेवा आणि गीझरवरचा गॅसचा नॉब कमी करा. उन्हाळा-हिवाळा असा वेगळा नॉब असेल तर तोही वापरा.

काही गीझरमध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, बऱ्याच मॉडेलमध्ये ती वीस मिनिटांची असते. घरातले तिघं ओळीने आंघोळ करत असतील आणि तिसऱ्याच्या डोक्याला साबण असताना गीझर बंद पडत असेल, तर तो बिघाड नाही. तो का बंद होतो आणि तसा बंद होणं का गरजेचं आहे, ते पुढे येतंच आहे.

प्रकार ४: धप्प करून पेटतो, ज्योत पिवळी दिसते, नळ बंद केला तरी विझत नाही

या तिन्हींपैकी एकही दिसलं तर तपासत बसू नका. गॅसचा कॉक बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका.

धप्प आवाज म्हणजे गॅस आधी जमला आणि उशिरा पेटला. ज्योत पिवळी-लाल, वर काजळी, म्हणजे गॅस पूर्ण जळत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. निरोगी ज्योत निळी असते. आणि नळ बंद करूनही बर्नर जळत राहिला तर आतली पिन अडकलीय. नळीतलं पाणी थांबलेलं आहे आणि ते उकळत चाललंय.

आपल्या भागातली खास कारणं

वरचं सगळं कुठल्याही गावात लागू आहे. पण सातारा आणि सांगलीत काही गोष्टी वेगळ्या आहेत.

थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण जमल्याचे फोटो दर हिवाळ्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ती थंडी सिलिंडरलाही वाजते. घरगुती एलपीजी म्हणजे मुख्यतः ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण. सिलिंडरमध्ये ते द्रवरूपात असतं आणि वापरताना त्याची वाफ होते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या किंचित खाली आहे, त्यामुळे थंडी वाढली की त्याची वाफ कमी होते आणि दाब पडतो. शिवाय गीझर एकदम भरपूर गॅस ओढतो, तेव्हा वाफ होताना सिलिंडर स्वतः आणखी गार पडतो. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीला, किंवा सिलिंडर बाहेर उघड्या गॅलरीत असेल तर वाई-साताऱ्यातही, पहाटे न पेटणारा गीझर नऊ वाजता मुकाट पेटतो. यावर सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, तो आडवा करणं, शेगडीजवळ आणून ठेवणं हे उपाय करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येऊ शकतो, आणि मग ज्योत आवरता येत नाही.

टाकीची उंची. बैठं घर, वर स्लॅब आणि स्लॅबवरच ठेवलेली टाकी. अशा घरांत गीझरला पाण्याचा दाबच मिळत नाही. पाण्याच्या दर एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. कमी दाबावर चालणाऱ्या गीझरनाही पाव बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी गीझरपेक्षा अडीच-तीन मीटर वर हवं. अपार्टमेंटमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर तक्रारी जास्त असतात त्या यामुळेच. नवा गीझर घेताना त्याला कमीत कमी किती दाब लागतो ते आधी विचारा आणि स्वतःची टाकी मोजा.

बोअरचं पाणी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तसंच माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यात बोअरच्या जड पाण्यावर अनेक घरं चालतात. पाणी तापलं की त्यातले क्षार तांब्याच्या नळीत आतून थर धरतात. नळी अरुंद होते, धार वर्षागणिक बारीक होत जाते आणि एक दिवस गीझर पेटणं थांबवतो. सेल बदलून काही होत नाही. मेकॅनिककडून नळीतला क्षार काढून घ्यावा लागतो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या गावांत गढूळ पाणी येतं, तेव्हा हीच अडचण गाळामुळे होते.

महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगलीतल्या घरांना बरंच काही शिकवलं. त्यातलं एक सहज निसटतं. गीझर भिंतीवर उंच असतो, त्यामुळे तो कोरडा दिसतो. पण सिलिंडर आणि रेग्युलेटर जमिनीलगत असतात, ते पाण्याखाली गेलेले असतात. रेग्युलेटरला हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यात चिखल बसला तर दाब नीट राखला जात नाही. पूर ओसरल्यावर गीझर वेडावाकडा पेटत असेल तर आधी रेग्युलेटर आणि नळी एजन्सीकडून तपासून किंवा बदलून घ्या. गीझरच पाण्यात गेला असेल तर ‘उन्हात वाळवला की चालेल’ असं समजू नका.

पाइप गॅस. शहरी गॅस वितरणासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एकच क्षेत्र ठरवलेलं आहे. पाइप गॅस आला की अनेकांना वाटतं, जुनाच गीझर त्या नळीला जोडू. तसं चालत नाही. पाइपमधून येणारा नैसर्गिक गॅस मुख्यतः मिथेन असतो, त्याचा दाब वेगळा आणि उष्णताही वेगळी. त्यामुळे बर्नरच्या जेटची भोकंही वेगळी लागतात. एलपीजीचा गीझर त्यावर मरतुकडा पेटतो किंवा पेटतच नाही. उलट, पाइप गॅसचा गीझर सिलिंडरवर लावला तर मोठ्या भोकांतून जास्त गॅस येऊन पिवळी, काजळीची ज्योत निघते. हा जास्त धोक्याचा प्रकार आहे. जुना गीझर ऑनलाइन घेताना तो कुठल्या गॅसचा आहे, हे त्याच्या पट्टीवर वाचाच.

‘डायरेक्ट करून देतो की!’

मिरजेला माझ्या मामीकडे गेल्या थंडीत गीझर पेटून विझत होता. मेकॅनिक आला, झाकण काढलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “काकू, ह्यो सेन्सरच नाटक करतोय बघा. डायरेक्ट करून देतो की, परत कटकट नाही.” मामी हो म्हणणारच होती. दोनशे रुपयांत काम होत होतं. मी मध्ये पडून नको म्हटलं, तर त्याला वाटलं मी पैशासाठी घासाघीस करतोय.

‘डायरेक्ट’ म्हणजे सुरक्षेची एखादी कडी तारेने जोडून टाकायची, म्हणजे सर्किटला कायम ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप जाईल. जास्त तापल्यावर बंद करणारा थर्मोस्टॅट, ज्योत ओळखणारी कांडी, पाण्याचा स्विच, यातलं काहीही असं डायरेक्ट होऊ शकतं. गीझर पेटतोही, अगदी मस्त पेटतो. फक्त ज्या दिवशी त्याने बंद व्हायला हवं, त्या दिवशी तो होत नाही.

मामीकडे शेवटी कांडी साफ केली आणि गीझर नीट चालला. मेकॅनिक वाईट माणूस नव्हता. दिवसाला दहा घरं करायची असतात, आणि लोकही ‘पेटवून द्या’ एवढंच सांगतात. म्हणून आपण वाक्य बदलायचं: “दादा, भाग खराब असेल तर बदला, पण काही डायरेक्ट करू नका.”

खरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही

आता त्या वीस मिनिटांबद्दल.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आपलं सहा लिटरचं गीझर दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतं, म्हणजे जवळपास दोन घनमीटर हवा वापरतं. पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात एकूण हवा भरते सुमारे आठ घनमीटर. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराखाली पायपुसणं. एका माणसाच्या आंघोळीत पाव हवा खर्ची. दोघांनी ओळीने केली तर निम्मी.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एलपीजीचा वास येतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हा वायू त्या नाकाला फसवतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग चक्कर, मळमळ, पाय गळून जाणं. कडी काढावी हे कळतं, पण हात उचलत नाही.

मार्च २०२३ मध्ये होळी खेळून आल्यावर मुंबईत घाटकोपरच्या एका दांपत्याचा घरातल्या बाथरूममध्ये मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांचा सुरुवातीचा संशय गॅस गीझरच्या वायूवरच गेला होता. अशा बातम्या थंडीत दरवर्षी कुठून ना कुठून येतात. त्यात बहुतेक वेळा दार बंद, खिडकी बंद आणि गीझर आत असतो.

बाथरूममधून कुणी हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका. दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यागेल्या ‘गॅस गीझर सुरू होता’ हे सांगा. कोरोनापासून घरोघरी असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे भरवशाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही तो ऑक्सिजनने भरलेलं समजतो आणि ९८ दाखवू शकतो.

मग गीझर कुठे आणि कसा असावा?

- बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी. गॅलरी किंवा ड्राय बाल्कनी उत्तम. फक्त गरम पाण्याची नळी आत न्या.
- जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप असेल तर तो खरोखर घराबाहेर निघतोय ना, त्यात पक्ष्याने घरटं केलेलं नाही ना, ते बघा.
- गीझर घेताना आयएसआय चिन्ह बघा. छोट्या एलपीजी गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे.
- शेगडीच्या रबरी नळीला मध्येच कापून गीझरसाठी फाटा काढू नका. जोडणी एजन्सीला कळवूनच करा.
- वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या. थंडी पडल्यावर मेकॅनिक हाताला लागत नाही.

परदेशातल्या ‘फर्नेस’चंही असंच

मुलगा-सून अमेरिकेत किंवा कॅनडात असतील तर जानेवारीत एखादा व्हिडिओ कॉल असाही येतो: “आई, घराचा हीटर बंद पडलाय.” तिकडे पूर्ण घर गरम करणारी गॅसची भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. आकार मोठा, पण साखळी ओळखीची. आधी पंखा धूर बाहेर ओढायला लागतो, मग तापलेल्या कांडीवर गॅस पेटतो, दुसरी कांडी ज्योतीची खात्री करते. खात्री झाली नाही तर गॅस बंद. काही प्रयत्नांनंतर यंत्र स्वतःला कुलूप घालतं.

तिथेही घरच्यांनी करायचं तेवढंच: थर्मोस्टॅटचं सेटिंग आणि सेल, हवेचा फिल्टर, आणि भिंतीबाहेरच्या धुराच्या पाइपवर साचलेला बर्फ. लुकलुकणाऱ्या दिव्याचा कोड मोजून तंत्रज्ञाला सांगायचा. तिकडे घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो, आपल्याकडे सहसा नसतो. तो भारतातही ऑनलाइन मिळतो. ज्यांचा गीझर अजून घराच्या आत आहे त्यांनी तो जरूर लावावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गीझर बाथरूममध्येच आहे आणि घर भाड्याचं आहे. काय करू?
आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग दार लावून आंघोळ करा. शॉवरचा मोह सोडा. हा उपाय फुकट आहे आणि आजपासून करता येतो. पाणी भरताना दार-खिडकी उघडी ठेवा. आणि गीझर बाहेर हलवण्याबद्दल घरमालकांशी बोला.

एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल ना?
नुसता फॅन पुरेसा नाही. बाहेर गेलेल्या हवेइतकीच हवा आत यायला जागा हवी. दाराच्या खालच्या बाजूला झरोके नसतील तर फॅन उलट धुराच्या पाइपमधूनच हवा आत खेचू शकतो.

सेल किती दिवसांनी बदलायचे?
वापरावर आहे. सोपा नियम: थंडी सुरू होताना नवे टाका आणि कप्प्यावर तारीख लिहून ठेवा.

गावाला जाताना काय बंद करायचं?
रेग्युलेटर आणि गीझरचा कॉक दोन्ही. महिनाभरासाठी जात असाल तर सेलही काढून ठेवा, ते फुटून कप्पा खराब करतात.

आत्ता लगेच करायचं काम

फोनमध्ये तीन नंबर सेव्ह करा: १९०६, १०८ आणि तुमच्या गॅस एजन्सीचा. मग बाथरूममध्ये जाऊन गीझरची ज्योत कुठल्या रंगाची आहे, तेवढं बघून या. निळी असेल तर छान. पिवळी असेल तर उद्याची आंघोळ चुलीवरच्या किंवा शेगडीवरच्या पाण्याने करा आणि मेकॅनिकला बोलवा. हा लेख घरच्या ग्रुपवर टाकलात तर आईला आणि आजीलाही तो वाचून दाखवा, कारण पहाटे सगळ्यात आधी गीझर लावणाऱ्या बहुतेक त्याच असतात.